डमडमची तबकडी

रंगमंचावरील जाझवादकाचे छायाचित्र म्हणजे चालू संवादातून उचललेले एक अक्षर. बोटे टिपली जातात. सूर मात्र तोवर पुढे गेलेला असतो. पियानोवादक टेडी वेदरफर्ड याच्या बाबतीत हा प्रश्न इतिहासाचा होतो.

१९०३ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताने शिकागोत लुई आर्मस्ट्राँगसमवेत एकाच वाद्यवृंदात वादन केले. पुढे शांघाय, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि युद्धकाळात कोलकात्याचे ग्रँड हॉटेल असा त्याचा प्रवास झाला. त्याच्या वृंदात गोमंतकीय वादकही होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यातच पटकीने त्याचा अंत झाला.

त्याचे कोलकात्यातील वादन उरले ते प्रामुख्याने तबकड्यांत. १९२८ पासून डमडमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. १९०२ मध्ये याच शहरात गौहरजानने ख्याल तेवढ्या अवकाशात बसवला होता. वेदरफर्डलाही नृत्यमंचावर रात्र रंगवणारे वादन तेवढ्यातच आवरावे लागले.

कॅमेऱ्याने क्षण ठेवला, तबकडीने तीन मिनिटे. उरलेली रात्र कोणीच ठेवली नाही. म्हणून तबकडी म्हणजे ती मैफल नव्हे; यंत्राला जेवढी पेलली, तेवढीच ती मैफल होय. ऐकताना इतिहासकाराने हा भेद विसरू नये. अन्यथा यंत्राची मर्यादा हीच कलावंताची मर्यादा ठरेल, आणि तो त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय असेल.