विणकाम-रचना

विणकाम-रचना : छापील नमुना समोर न ठेवता, आपल्या मापाने आणि आपल्या विचाराने स्वेटर, टोपी, मोजे, शाल यांसारख्या वस्तूंची आखणी करून त्या सुयांवर विणण्याची कला. क्रोशाचे काम आणि हातमागावरचे विणकाम या नोंदीत धरलेले नाही.

शिंपी तयार कापड बेततो आणि मग शिवतो. सुयांवर विणणारीच्या हातात कापड आणि कपडा एकदमच तयार होतात. मुंढा टाके घटवून येतो, बाहीचा घेर टाके वाढवून. नॉर्वे आणि शेटलंडमध्ये गोल विणलेल्या अंगाला शेवटी कात्री लावून बाहीची जागा उघडण्याची रीत आहे, पण तिथेही कात्री कुठे चालणार ते आधीच ठरलेले असते आणि तेवढे टाके जास्तीचे धरलेले असतात. त्यामुळे या कलेत चित्राआधी हिशेब येतो. रंगांची जाण, वेलबुट्टीची हौस हे सारे नंतर.

हिशेबाची सुरुवात नमुन्याच्या तुकड्यापासून. जी लोकर आणि ज्या सुया वापरायच्या त्यांवरच निदान सहा इंचांचा चौकोन विणायचा, धुवायचा, सपाट पसरून वाळवायचा आणि मग मधल्या चार इंचांत किती टाके बसले ते मोजायचे. कडेचे टाके ओढले गेलेले असतात, ते धरायचे नाहीत. चार इंचांत २० टाके आले तर इंचाला ५. छाती ३६ इंच असेल आणि आत शर्ट घालण्यापुरता सैलपणा हवा असेल, तर स्वेटर ४० इंचांचा, म्हणजे २०० टाक्यांचा. आता समजा मोजताना घाई झाली आणि प्रत्यक्षात इंचाला साडेचारच टाके बसत होते. तेच २०० टाके ४४ इंचांच्या पुढे जातात आणि स्वेटर घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी द्यावा लागतो. अर्ध्या टाक्याची ही किंमत. दोघींनी एकच लोकर आणि एकाच नंबरच्या सुया घेतल्या तरी एकीचा हात घट्ट असतो, दुसरीचा सैल. म्हणून दुसरीने मोजलेला तुकडा आपल्या कामाचा नाही. तुकडा धुण्याची पायरी अनेक जणी टाळतात. ती टाळू नये, काही धागे पहिल्या पाण्यातच सैलावतात.

या हिशेबाला कुणालाही पेलेल असे रूप दिले एलिझाबेथ झिमरमन (१९१०–९९) यांनी. जन्म इंग्लंडचा, कलेचे शिक्षण स्वित्झर्लंड आणि जर्मनीत. पती आर्नल्ड बिअर बनवण्याच्या शास्त्रातले जाणकार. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून हे दांपत्य अमेरिकेला गेले आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाले. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनही त्या विणत. स्वेटर गोल सुईवर, एकसंध, शिवण न घालता विणावा हा त्यांचा आग्रह होता. तसा एक स्वेटर त्यांनी नियतकालिकाकडे दिला, तर छापताना त्याच्या सूचना पुढचा-मागचा भाग वेगळा विणून शिवण्याच्या रूढ पद्धतीत बदलल्या गेल्या. तेव्हा १९५८ पासून त्यांनी स्वतःचे पत्रक काढले, पाठोपाठ स्वतःची प्रकाशनसंस्था. घर जुन्या शाळेच्या इमारतीत होते, म्हणून तिचे नाव ‘स्कूलहाउस प्रेस’. १९७१ मध्ये आलेल्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकाने त्यांचे नाव सर्वदूर झाले.

त्यांच्या पद्धतीत अंगाच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के आणि बाकी सगळे त्याच्या हिश्शाने. वरच्या उदाहरणातले २०० टाके घेतले तर मनगट २० टक्के, म्हणजे ४० टाके. बाहीचा काखेजवळचा घेर ३३ टक्के, म्हणजे ६६. प्रत्येक काखेत बाजूला काढून ठेवायचे टाके ८ टक्के, म्हणजे १६. गळा ४० टक्के, म्हणजे ८०. अंग आणि दोन्ही बाह्या काखेपर्यंत वेगवेगळ्या विणायच्या आणि मग एकाच गोल सुईवर घ्यायच्या. २०० आणि दोनदा ६६ मिळून ३३२ टाके होतात. दोन्ही काखांत अंगाचे आणि बाहीचे मिळून चार वेळा १६, म्हणजे ६४ टाके धाग्यावर काढून ठेवले की सुईवर २६८ उरतात. इथून वर खांद्याचा गोल भाग, आणि तो विणता विणता हे २६८ टाके घटवत गळ्याच्या ८० वर आणायचे. शेवटी काखेतले राखून ठेवलेले टाके समोरासमोर जोडले की काम संपले. खांदा पडलेला असेल, दंड जाड असेल, तर टक्क्यांत थोडा बदल करायचा. चौथीचे गणित येणाऱ्या कुणालाही यापुढे छापील नमुन्याची गरज उरत नाही, आणि विणकामाच्या इतिहासात याहून मोठी मोकळीक दुसऱ्या कुणी दिलेली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या दोन वस्तू रचनाकाराने एकदा तरी विणून पाहाव्यात. पहिली गोल शाल. त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. मध्यावर ९ टाके घालून सुरुवात. पुढे टाके एकाच फेरीत दुप्पट करायचे आणि दोन वाढींमधले अंतरही दर वेळी दुप्पट करत न्यायचे. १८ टाक्यांच्या ३ फेऱ्या, ३६ च्या ६, ७२ च्या १२, १४४ च्या २४. मधल्या सगळ्या फेऱ्यांत वाढ-घट काहीच नाही, त्यामुळे तिथे हवी ती जाळी बसवायला रान मोकळे. दुसरी वस्तू म्हणजे १९६८ मध्ये रचलेले तान्ह्या बाळाचे जाकीट. १६० टाक्यांवर सुरू होणारा, सगळ्या ओळी सुलट असलेला हा तुकडा सुयांवरून उतरतो तेव्हा कशाचाच वाटत नाही. दोन घड्या घातल्या की बाह्यांसकट जाकीट होते आणि शिवण फक्त दोन खांद्यांवर येते. बाळंतविड्यात टोपडे-मोजे हाताने विणून देणाऱ्या आपल्याकडच्या आज्यांना ते नक्की आवडेल.

विणकामात रंगीत आकृती आणताना नवखी रचनाकार हमखास अडते, कारण टाका चौकोनी नसतो. साध्या विणीत इंचाला ५ टाके असतील तर ओळी साधारण ७ बसतात. स्वेटरवर वारली माणूस उतरवायचा म्हणून आलेखाच्या कागदावर २० चौकोन रुंद आणि २० चौकोन उंच आकृती काढली, तर ती विणल्यावर ४ इंच रुंद आणि जेमतेम पावणेतीन-तीन इंच उंच होते. माणूस बसका दिसतो. उंचीला २८ ओळी दिल्या की तो सरळ उभा राहतो. दुसरी अडचण पाठीमागची. जो रंग त्या घडीला लागत नाही तो आतून ओढत न्यावा लागतो, आणि इंचाहून लांब सुटलेल्या धाग्यात घालणाऱ्याची बोटे अडकतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल बेटावरच्या विणकरांनी याचे उत्तर केव्हाच शोधले होते: एका ओळीत दोनच रंग, आणि तेही लवकर लवकर बदलणारे. स्वेटर बहुरंगी दिसतो तो ओळीगणिक रंगांची जोडी बदलल्यामुळे. १९२० च्या दशकात ब्रिटनच्या युवराजाने तो अंगात घातला आणि या विणीची लाट आली.

फॅशन-रचनाकार एल्सा स्किआपरेल्ली यांनी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये काळ्या स्वेटरवर पांढरा बो विणवून घेतला. गळ्याशी खराच बांधलेला वाटावा असा. त्यात पाठीमागे लांब न सोडता पांढरा धागा दर काही टाक्यांनी काळ्याखाली अडकवलेला असल्याने काळ्या भागावर पांढरे कण चमकतात, आणि हीच त्या कापडाची शोभा ठरली. चित्र स्किआपरेल्ली यांचे, पण ही वीण पॅरिसमधल्या एका आर्मेनियन विणकर स्त्रीची. फॅशनच्या इतिहासात श्रेय मात्र चित्र काढणारीलाच मिळाले.

आयर्लंडच्या अॅरन बेटांवरच्या वेणीदार स्वेटरांबद्दल एक कथा फार पसरली आहे: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणजे बुडालेल्या कोळ्याची ओळख पटावी. ती खरी नाही. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या १९०४ मधल्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटिकेत बुडालेल्या माणसाची ओळख पटते ती त्याच्या साध्या मोज्यावरून, तेही विणताना सुटलेल्या टाक्यांवरून. त्या एका प्रसंगाचा पुढे विक्रीसाठी विस्तार झाला. हे स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, बेटांवरच्या बायकांनी उत्पन्नासाठी आणि एकमेकींचे पाहून रचलेले. त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

धाग्याबद्दल थोडे. मेंढीची लोकर ताणली तरी मूळ मापावर येते, म्हणून काठाला आणि मोज्यांना तीच चांगली. सुती धागा जड, लवचिकता कमी. लांब सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, तेव्हा मुंबई-कोकणच्या हवेसाठी सुती काम आखताना उंची थोडी कमी धरावी. दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा अॅक्रिलिक असतो. तो स्वस्त, टिकाऊ आणि धुवायला सोपा, पण त्याच्यावर गरम इस्त्री फिरली की वीण कायमची लोळागोळा होते. सुयांचे नंबरही फसवे आहेत. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मोजणी चालते आणि तिच्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकी मोजणीत उलट. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकी ८ नंबरची ५ मिलिमीटरची. सुई मिलिमीटरवरून घ्यावी.

रचना विकायची असेल तर हक्कांचा प्रश्न येतो. २००७ मध्ये ‘रॅव्हलरी’ हे विणकामाचे संकेतस्थळ सुरू झाल्यापासून घरबसल्या एकेक नमुना विकून कमाई करणाऱ्या रचनाकार जगभर झाल्या आहेत. भारतात नमुन्याच्या लिखित सूचनांवर लिहिणारीचा स्वामित्वहक्क आपोआप असतो. वस्तूच्या रूपाचे तसे नाही. जी रचना डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी असूनही नोंदवलेली नाही, तिच्या ५० हून अधिक वस्तू औद्योगिक पद्धतीने निघाल्या की १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे संरक्षण संपते. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षे आणि अर्ज केल्यास आणखी ५ वर्षे हक्क टिकतो. आधीच प्रसिद्ध झालेली रचना मात्र नोंदवता येत नाही, तेव्हा अर्ज करायचा तर पहिला फोटो लोकांपुढे ठेवण्याआधी करावा.