साक्षीतला डोळा आणि माफीतला ‘चा’

‘माफीचा साक्षीदार’ या दोन शब्दांत तीन भाषा आहेत. माफी अरबीतून आली, ‘दार’ फारसीतून, साक्षी संस्कृतातला. पाणिनीने साक्षी हा शब्द ‘साक्षात्’पासून साधला, आणि त्यात डोळ्यासाठीचा ‘अक्ष’ दडलेला आहे. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो साक्षी. गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाहून जवळून तो गुन्हा कोण पाहणार? त्या अर्थाने हा अस्सल साक्षी. खरी गोम ‘माफीचा’मधल्या षष्ठीत आहे. दहा रुपयांचा नारळ म्हणतो तशीच ही किंमत सांगणारी षष्ठी मला वाटते.

आता ‘फितूर’ पाहा. बखरींत फितूर म्हणजे आपल्यांना सोडून शत्रूला मिळालेला. आजच्या कोर्टाच्या बातम्यांत मात्र सरकारी पक्षाला सोडून उलटलेला साक्षीदार फितूर ठरतो. साथीदारांना सोडून सरकारला मिळालेल्याला कायदा फितूर म्हणत नाही. शब्द कोणाच्या बाजूने उभा आहे, ते इथे उघड दिसतं.

साथीदारांविरुद्ध साक्ष देऊन सुटण्याच्या या सौद्याचं गणित 1950 मध्ये मांडलं गेलं. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक खेळ रचला, अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांची गोष्ट दिली. दोघे वेगळ्या खोल्यांत. दोघेही गप्प राहिले तर थोडी शिक्षा. एकच बोलला तर तो सुटतो आणि दुसरा पुरता अडकतो. दुसरा काहीही करो, बोलणंच फायद्याचं. म्हणून दोघेही बोलतात आणि दोघेही जास्त भोगतात. याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणावं. पगडीचा, कुस्तीचा, पतंगाचा पेच ज्या भाषेत आहे तिला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

बोलणाऱ्याचं खरं-खोटं ओळखायचं कसं, हा प्रश्न मात्र जुना आहे. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात महाउम्मग्ग जातक रंगवलेलं आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात ते लेणं कोरवून घेतलं. या जातकातला महोसध एका मुलावर हक्क सांगणाऱ्या दोघींना ते मूल ओढायला लावतो. मूल कळवळताच जी हात सोडते, ती आई. तो जबाब घेत नाही, कृती पाहतो. पण ही परीक्षा आधीच ठाऊक असती, तर खोटी बाईही हात सोडून मोकळी झाली असती. कैद्यांच्या पेचासारखे खेळ अभ्यासणारे खेळ-सिद्धान्तवाले नेमकं इथेच बोट ठेवतात.

माफीचा नियम तर सगळ्यांनाच ठाऊक असतो. म्हणून कायदा तिला अटी घालतो. माफी देतं ते न्यायालय, तीही सगळं खरं सांगण्याच्या अटीवर. लपवाछपवी केली तर मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा मागे लागतो. शिवाय अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा, असा न्यायालयांचा आग्रह असतो.

गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचे शस्त्रविक्रेते दिगंबर बडगे माफीचे साक्षीदार झाले. न्यायाधीश आत्मा चरण यांनी त्यांची साक्ष विश्वासार्ह मानली, पण सावरकरांविरुद्ध तिला दुजोरा मिळेना, आणि 10 फेब्रुवारी 1949 रोजी सावरकर निर्दोष सुटले. त्याच दिवशी बडग्यांचा नोकर शंकर किस्तय्या याला जन्मठेप झाली. मालक माफीवर सुटला होता. पुढे उच्च न्यायालयाने शंकरलाही निर्दोष ठरवलं.