धोबी तलावाच्या परिसरात एक दिवस

आमच्या वडिलांचे व्हायोलिन कित्येक वर्षे कपाटावर पडून होते. धर्मग्रामाच्या गायकवृंदात त्यांनी ते तीसेक वर्षे वाजविले. त्यांच्या पश्चात घरात ते हाती धरणारे कोणी उरले नाही. यंदा आमच्या नातवाने ते खाली काढले, तेव्हा गजाचे केस झडून गेलेले आढळले. पेटीच्या झाकणाला आतून एक जुनी, पिवळी पडलेली पावती चिकटवलेली होती. तिच्यावरची शाई बहुतेक उडाली आहे. 'धोबी तलाव' एवढीच अक्षरे काय ती लागतात. वसईत गज दुरुस्त करणारा माणूस सापडेना, म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही चर्चगेटची गाडी धरली आणि मरीन लाइन्सला उतरलो. काम तासाभराचे होते. परत यायला मात्र रात्र झाली.

धोबी तलाव या नावातला तलाव आज कोठे दिसत नाही. किल्ल्याबाहेरच्या वस्तीला पाणी पुरविणारे जे तलाव होते, त्यांपैकी हा एक. काठावर धोबी कपडे धूत, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांनी पदरचा पैसा खर्चून त्याची पुनर्बांधणी केली, तेव्हा सरकारने तलावाला त्यांचे नाव दिले. पण लोकांच्या तोंडून धोबी काही गेले नाहीत. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि अशा तलावांची गरज संपली. पुढे हा तलाव बुजविण्यात आला. फ्रामजींचे नाव तेथील सभागृहाच्या इमारतीने तेवढे राखले आहे. आता चौकात उभे राहिले की चारही दिशांनी मोटारी अंगावर येतात आणि पाण्याच्या जागी खेळांच्या साहित्याची, क्रिकेटच्या बॅटींची आणि चकचकीत करंडकांची दुकाने दिसतात.

पोटात काही नव्हते, म्हणून प्रथम 'कयानी'त शिरलो. जेर महाल या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचे हे इराणी हॉटेल १९०४ सालचे. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, लाल चौकटींचे टेबलपोस, दर्शनी भागी काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई आणि बिस्किटे. आम्ही ब्रून-मस्का आणि चहा मागविला. ब्रूनचे कडक कवच चहात बुडविल्यावाचून आमच्या वयाच्या दातांना दाद देत नाही. पण बुडवून तोंडात टाकल्यावर जी चव येते, तिच्यापुढे मोठ्या हॉटेलांतले पदार्थ फिके पडतात, असे आमचे प्रामाणिक मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यज्द आणि केरमान प्रांतांतून गरिबीला आणि धर्मभेदाच्या जाचाला कंटाळून जे झरथुष्ट्री मुंबईला आले, त्यांनी ही हॉटेले थाटली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगतात. खरे असो वा नसो, दोन्ही रस्त्यांवरचे गिऱ्हाईक त्यांना लाभले खरे. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, वकील, सर्व जातिधर्मांची माणसे एका टेबलाशी बसून एकाच प्रकारच्या कपातून चहा पिऊ लागली. ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. या हॉटेलांतल्या सूचनाफलकांची गंमत अशी की निस्सीम इझिकेल यांनी त्यांवर इंग्रजीत एक कविताच लिहिली. जवळचे 'बास्तानी' आता बंद झाले आहे; मरीन लाइन्सचे १९१३ सालचे 'ससानियन' चालू आहे.

आणि ज्याला आपण सहज पाव म्हणतो, तो शब्द पोर्तुगिजांचा. आमच्या वसईकरांना हे नवे नाही. चावी, साबण, बटाटा, पगार हे सारे त्याच गलबतातून उतरले. इराण्याच्या हॉटेलात पोर्तुगीज नावाचा पाव मराठी माणसाने इंग्रजांच्या शहरात खावा, हे मुंबईतच घडू शकते.

गजाचे काम 'फुर्तादो'त झाले. १८६५ सालापासून चालत आलेली ही गोमंतकीय पेढी. वाद्ये आणि पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीची पुस्तके यांबरोबर पूर्वी तेथे धार्मिक वस्तूंचीही विक्री होत असे. वडिलांनी व्हायोलिन नेमके येथूनच घेतले, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण पावतीवरचे दुकानाचे नाव वाचता येत नाही. परंतु वसई-साष्टीच्या ज्या ज्या चर्चमध्ये व्हायोलिन आणि हार्मोनियम वाजले, तेथल्या वाजविणाऱ्याला कधी ना कधी धोबी तलावाची वाट धरावी लागली, हे खरे.

या परिसरात गोमंतकीय वादक इतके एकवटले, त्याला कारण आहे. गोव्याच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवीत. ती विद्या घेऊन तरुण मुंबईला येत. कोणी लग्नाच्या बँडमध्ये, कोणी मूकपटांच्या वाद्यवृंदात, कोणी ताजमहाल हॉटेलच्या जाझमध्ये, आणि पुढे चित्रपटांच्या संगीतात त्यांनी पोट भरले. हिंदी चित्रपटाचे संगीतकार चाली बांधीत. त्या चाली शंभर वाद्यांत वाटून कागदावर उतरविण्याचे काम पुष्कळदा या मंडळींचे असे. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. शिष्याने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव घातले. सारा देश ते नाव गुणगुणत असताना ते कोणाचे आहे, हे किती थोड्यांना ठाऊक होते! कोंकणी तियात्रही मुंबईचेच अपत्य. पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात झाले.

जेर महालच्या जिन्याने वर गेलो. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांची 'कुडे' आहेत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. कागदोपत्री त्याला क्लब म्हणतात. गावच्या लोकांनी वर्गणी काढून जागा घ्यायची, आणि गावातला कोणीही नोकरीच्या शोधात किंवा बोटीची वाट पाहत मुंबईला आला की त्याने अल्प भाड्यात तेथे राहायचे. भिंतीशी ज्याची त्याची पत्र्याची पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण, एका बाजूला वेदी, संध्याकाळी रोजरी आणि वर्षातून एकदा गावच्या संताचा सण. खलाशी, आचारी, बटलर, वादक अशी हजारो माणसे या खोल्यांतून पुढे समुद्रावर गेली. दारावरची गावांची नावे वाचत आम्ही उभे असता एका वृद्ध खलाशाने आत बोलाविले. चाळीस वर्षे बोटीवर काढलेला माणूस. बोलणे कोंकणी-मराठीचे मिश्रण. पूर्वी रोजरीच्या वेळी गुडघे टेकायला जागा मिळत नसे, आता चौघे असलो तर पुष्कळ, असे तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. "पोरे आता विमानाने थेट आखातात जातात, त्यांना मुंबई कशाला हवी?" असे विचारून त्याने आमच्या हातातली पेटी पाहिली आणि व्हायोलिन कोणाचे, हे विचारले.

दुपारी मेट्रो चित्रपटगृहासमोर आलो. अमेरिकेच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३८ मध्ये उघडलेल्या या चित्रपटगृहापेक्षा त्याच्या समोरचा पुतळा आम्हाला अधिक पाहायचा होता. तो डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा. गोव्यातील हडफडे गावी १८५६ मध्ये जन्मलेले हे डॉक्टर मांडवी भागात रोगी पाहत. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी काखेत गाठी आलेल्या तापकऱ्यांना तपासले आणि ही गाठीची प्लेग आहे, असे निदान केले. व्यापाराच्या शहरात असे बोलणे सोपे नव्हते. बंदर बंद पडेल, माल अडेल, लोक पळतील, या भीतीने असे निदान कोणालाच नको होते. परंतु ते खरे ठरले. पुढे १९०६ मध्ये डॉ. व्हिएगस मुंबई महापालिकेचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष झाले.

येथवरची हकीकत आपल्या लोकांना थोडीफार ठाऊक असते. पुढची सहसा कोणी सांगत नाही. प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केले. दाट वस्त्यांत हवा आणि उजेड नाही म्हणून रोगराई पसरते, असा तेव्हाचा समज होता. सबब समुद्रावरचा वारा शहरात खेळविण्यासाठी पश्चिमेकडून पूर्वेला रुंद रस्ते काढण्याचे ठरले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी झालेला प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामळदास गांधी मार्ग, हा त्यांतलाच. आणि तो गेला कावेलच्या वस्तीतून.

कावेल ही मुंबईतील जुन्यांतली जुनी ख्रिस्ती वस्ती, मूळची कोळ्यांची. एस्प्लनेडवरचे आशामातेचे चर्च किल्ल्याच्या संरक्षणाच्या आड येते म्हणून इंग्रजांनी १७६० मध्ये पाडले आणि ते भुलेश्वरात, कावेलला लागून, पुन्हा उभे राहिले. क्रॉस मैदानाला ज्याच्यावरून नाव पडले, तो जुना क्रूस आजही मैदानात आहे. १७९४ पासून मुंबईच्या चर्चमध्ये पाद्रोआदो आणि प्रोपागांडा असे दोन धर्माधिकार चालले. ते भांडण १९२८ च्या करारापर्यंत मिटले नाही. आपल्या पूर्वजांनी त्यापायी किती शक्ती वाया घालविली, याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडावा. परंतु चर्चची भांडणे सोसूनही कावेल टिकले होते. ते मोडले रस्त्याने. घरे गेली, जागेच्या किमती चढल्या, आणि पुढील पिढ्यांत कुटुंबे दादर, माहीम, वांद्र्याकडे सरकली. प्लेग ओळखला आपल्यातल्या एका डॉक्टरने, आणि त्या प्लेगच्या नावाने जो रस्ता निघाला, त्याने आपलीच वस्ती चिरली. डॉक्टरांचा यात दोष नाही. त्यांनी पाहिले ते सांगितले. पण पुतळ्याजवळ उभे असताना हा विचार मनातून जाईना.

कावेल शोधायला आम्ही काळबादेवीच्या रस्त्याने निघालो. कापडाचे, कागदाचे, लग्नपत्रिकांचे दुकानदार विचारीत होते, काय हवे? कावेल, असे म्हटले की मान हलवीत. चार दुकाने झाली. पाचव्या दुकानातील वृद्ध गुजराती शेठ चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काका, तुम्ही उभे आहात तेच कावेल." समोरच्या भिंतीवर डॉ. व्हिएगस स्ट्रीट अशी पाटी होती. हातगाडीवाले, कापडाचे गठ्ठे, मंदिराची घंटा, आणि त्यात कोठेतरी एखाद्या जुन्या घराची लाकडी सज्जाची ओळ. २०२५ मध्ये काळबादेवीला भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले. त्याच्या कामासाठीही येथल्या आणि गिरगावच्या जुन्या चाळींतली कुटुंबे हलवावी लागली. आता येथे पोहोचणे फार सोयीचे झाले आहे.

परतताना प्रिन्सेस स्ट्रीटवर १९१६ सालच्या 'पारसी डेअरी'त मलई कुल्फी खाल्ली. रस्ता खरोखरच रुंद आहे, आणि संध्याकाळी समुद्राचा वारा त्यातून येतोही. सोनापूरच्या दुःखी मातेच्या चर्चमध्ये थोडा वेळ बसलो. मग फुर्तादोत जाऊन गज घेतला. नवे केस पांढरेशुभ्र होते. दुकानदाराने राळेची वडी वेगळी बांधून दिली आणि पावती लिहिली.

गाडीत बसल्यावर ती पावती आम्ही पेटीच्या झाकणात, जुन्या पावतीच्या खाली, खोवून ठेवली.