वर्खातून आरपार आलेला प्रकाश

अंगठीतल्या सोन्याचा पिवळा रंग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तेच सोने ठोकून ठोकून वर्खाइतके पातळ केले व काचेवर पसरून उजेडासमोर धरले, म्हणजे त्यातून आरपार येणारा प्रकाश हिरवा दिसतो. १८५६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी या नवलाचा पाठपुरावा हाती घेतला, तेव्हा त्यांचे वय चौसष्ट वर्षांचे होते. विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा त्यांचा शोध पंचवीस वर्षांमागे पडला होता आणि स्मरणशक्ती वारंवार दगा देत होती.

सोनेच का निवडले, याचे उत्तर मार्मिक आहे. एक इंचाचे २,८२,००० भाग करावेत, त्यांतल्या एका भागाएवढी त्या वर्खाची जाडी. म्हणजे प्रकाशाच्या एका लहरीच्या लांबीचा जेमतेम पाचवा ते आठवा हिस्सा. लहरीहून लहान अशा पदार्थाशी प्रकाशाची गाठ पडली तर काय घडते, हा फॅरडे यांचा प्रश्न होता. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणावर वर्ख तरंगत ठेवून त्यांनी तो आणखी विरळ केला. वर्ख तापवला, तर हिरवी छटा नाहीशी झाली. गारगोटीच्या जातीच्या अकीक दगडाने तो दाबून घासला, तर ती परत आली! तापल्याने सोन्याचा सलग पापुद्रा फाटून त्याचे सूक्ष्म कण गोळा होतात, हे आज समजते. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे बेकरियन व्याख्यानात त्यांनी हे सारे मांडले. प्रकाशाच्या स्वरूपाविषयी निर्णायक निष्कर्ष मात्र त्यांच्या हाती लागला नव्हता, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही.

हा दोष प्रयोगकर्त्याचा नव्हे. दिव्याचा संथ प्रकाश आणि मानवी डोळा एवढ्या साधनांनिशी धातूच्या अंतरंगातली लगबग दिसणे शक्यच नव्हते. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन आणि अणूंची जाळी यांचे तापमान काही क्षण परस्परांहून भिन्न असू शकते, हा विचार कागानोव्ह, लिफ्शित्झ व तानातारोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५६ साली गणिताने मांडला. फॅरडे यांच्या उपक्रमाला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती, हा निव्वळ योगायोग. १९६० साली लेसर अवतरला. साध्या प्रकाशात पदार्थ आपला स्वभाव बदलत नाही. प्रकाश दुप्पट केला, तर आरपार जाणाराही दुप्पट होतो. लेसरच्या प्रखर झोतात हे प्रमाण मोडते. १९६१ साली फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमध्ये तांबड्या लेसरपासून निम्म्या लहरलांबीचा अदृश्य प्रकाश निर्माण केला. त्याचा छायाचित्रातला फिका ठिपका छपाईत डाग समजून पुसला गेला, अशी कथा आहे. छापील चित्रातला बाण रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो, एवढे खरे. १९६५ साली चांदीच्या पृष्ठभागावरूनही असा प्रकाश मिळाला.

तथापि सोन्याच्या पापुद्र्याचे रहस्य उकलण्यास प्रखरतेबरोबरच वेगही हवा होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फुजिमोटो यांच्या गटाने १९८७ साली ६५ फेम्टोसेकंदांचे प्रकाशस्पंद वापरले. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा अब्जांश. एवढ्या अवधीचे घड्याळ कसे करावे? युक्ती साधी आहे. एका स्पंदाने सोने तापवायचे, दुसऱ्याने त्याची तपासणी करायची आणि दुसऱ्याच्या वाटेतला आरसा मागे सरकवायचा. आरसा ०.१५ मिलिमीटर हटला की जाऊन-येऊन वाट दुप्पट वाढते व स्पंदाला एक पिकोसेकंद, म्हणजे १,००० फेम्टोसेकंद, उशीर होतो.

इलेक्ट्रॉनांची उष्णता सामावण्याची शक्ती अल्प, म्हणून ते तत्काळ तापतात. अणूंची जाळी मात्र तशीच थंड असते. तापलेले इलेक्ट्रॉन सोन्याची परावर्तनशक्ती बदलून टाकतात, आणि दोन-तीन पिकोसेकंदांत आपली उष्णता जाळीला देऊन निवतात. फॅरडे यांच्या हातून तापताना वर्ख कायमचा पालटला होता. येथे अणू जागच्या जागी असताना प्रकाशाशी होणारी वागणूक पालटते आणि सावरते.

त्याच वर्षी तेथेच आणखी एक प्रयोग झाला. पापुद्र्याची एक बाजू तापवून दुसऱ्या बाजूवर तपासणीचा स्पंद टाकला, तेव्हा उष्णतेची वर्दी सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर वेगाने पलीकडे पोचल्याचे आढळले. ती वर्दी अणूंच्या कंपनांनी नव्हे, धावत्या इलेक्ट्रॉनांनी पोचवली होती.