चार्ली चॅप्लिनचा जन्मदाखला कुठे आहे?

१९५२ सालची गोष्ट. चार्ली चॅप्लिन जहाजाने इंग्लंडला निघाला आणि तो समुद्रात असतानाच अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. कम्युनिस्ट असल्याचा संशय! त्याच सुमाराला अमेरिकनांनी ब्रिटिश गुप्तचर खात्याला, म्हणजे एमआय फाइव्हला विचारणा केली: हा माणूस मुळात कोण, कुठला? याचं खरं नाव इस्रायल थॉर्नस्टाइन आहे असं ऐकतो, ते खरं का?

ब्रिटिशांनी लंडनच्या सॉमरसेट हाऊसमधली जन्मनोंदी शोधून पाहिल्या. थॉर्नस्टाइन सापडला नाही. पण चॅप्लिनही सापडला नाही! ही फाइल २०१२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. जगात सगळ्यात जास्त ओळखल्या गेलेल्या चेहऱ्यांपैकी एक, आणि त्याच्या जन्माचा सरकारी कागदच नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे काहीतरी गडबड असणारच. थांबा. गरिबाच्या घराण्याचा माग कागदांतून कसा काढतात, ते आधी बघू.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम होता. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा लिहिलेला मिळतो, आणि १८५१ पासून जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातंही. वंशावळ शोधणारा माणूस याच तीन शिड्यांवरून वर चढतो. लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, म्हणजे एका कागदात एक पिढी मागे जाता येतं.

चार्लीच्या बाबतीत ही शिडी उत्तम चालते. वडिलांकडचं घराणं सफोक परगण्यातलं. आजोबा स्पेन्सर चॅप्लिन आधी खाटीक, मग लंडनला येऊन पब चालवणारे. आईकडचे आजोबा चार्ल्स हिल बूट बनवणारे. अगदी साधी, हातावर पोट असलेली माणसं. आई हॅना रंगमंचावर लिली हार्ली या नावाने गायची. १८८५ च्या मार्चमध्ये तिला पहिला मुलगा झाला, सिडनी. दाखल्यावर आडनाव आईचं, हिल. चौदा आठवड्यांनी, २२ जूनला, तिचं चार्ल्स चॅप्लिन सीनियरशी वॉलवर्थच्या चर्चमध्ये लग्न लागलं. तोही कागद आहे.

मग चार्लीचाच का नाही? तो स्वतः सांगायचा, १६ एप्रिल १८८९, वॉलवर्थची ईस्ट लेन. त्या काळचा एकमेव पुरावा म्हणजे म्युझिक हॉलवाल्यांच्या 'मॅग्नेट' या पत्रातली मे महिन्यातली छोटी बातमी: चॅप्लिन दांपत्याला मुलगा झाला. आणि त्यातही तारीख १५ एप्रिल! खूप वर्षांनी एका माणसाने त्याला पत्र लिहून कळवलं की तुझा जन्म बर्मिंगहॅमजवळ ब्लॅक पॅच इथे जिप्सींच्या गाडीत झाला. ते पत्र चार्लीने फेकलं नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर कुलूप लावलेल्या खणात सापडलं.

माझं मत विचाराल तर यात गूढ फारसं नाही. जन्म नोंदवला नाही तर दंड, हा कायदा १८७५ पासून होता. पण आई-बाप दोघं गाणारे, आज या गावात तर उद्या त्या गावात खेळ, खोल्या सतत बदलणाऱ्या. एक नोंद राहून गेली. एवढंच.

मला खरं अस्वस्थ करतं ते यापुढचं.

जन्माची नोंद नाही, पण हालअपेष्टांच्या नोंदी मात्र कशा टिकून आहेत बघा. १८९१ च्या जनगणनेत हॅना दोन मुलांना घेऊन वॉलवर्थमध्ये राहतेय, नवरा सोबत नाही. मे १८९६ मध्ये आई आणि दोन्ही मुलं वर्कहाऊसमध्ये दाखल. वर्कहाऊस म्हणजे १८३४ च्या कायद्याने उभी राहिलेली निराधारांची जागा. तिथे पाऊल टाकलं की कुटुंब फुटायचं. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मुलं तिसरीकडे. जूनमध्ये मुलांची रवानगी हॅनवेलच्या शाळेत. चार्लीचं वय सात. मुलांच्या खर्चासाठी आठवड्याला १५ शिलिंग दे, असा तगादा बापामागे लावला गेला. कारण तो खर्च करदात्यांच्या पैशातून होत होता. म्हणून या नोंदी इतक्या काटेकोर!

१८९८ मध्ये हॅना वेड्यांच्या इस्पितळात. तोही कागद. १९०१ च्या जनगणनेत चार्ली एका नाचणाऱ्या मुलांच्या मंडळीच्या मालकाच्या घरी. धंदा: म्युझिक हॉल कलाकार. वय अजून बारा पूर्ण नाही.

आणि मग मे १९०३. हॅना पुन्हा आजारी पडली. सिडनी बोटीवर नोकरीला. चौदा वर्षांचा चार्ली एकटा आईला चालवत दवाखान्यात घेऊन गेला. दाखल करण्याच्या कागदावर माहिती देणारा म्हणून त्याचं नाव आहे, मुलगा, राहणार पाउनल टेरेस. त्याने सांगितलेलं थोडक्यात लिहून घेतलंय: मेलेली माणसं खिडकीतून बघताना दिसतात असं आईला वाटतं.

जन्माच्या पुस्तकात जो सापडत नाही, तो इथे सापडतो. आईच्या वेडाचा साक्षीदार म्हणून.

श्रीमंताच्या घरात मृत्युपत्रं असतात, तसबिरी असतात, पत्रव्यवहार जपलेला असतो. गरिबाकडे यातलं काही नसतं. त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं ते दुसऱ्याने, आणि बहुतेक वेळा तो मदत मागायला खिडकीपाशी उभा राहिला तेव्हा. त्यामुळे अशा घराण्याचा इतिहास वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. कागदावर वर्कहाऊस, थकबाकी आणि वेड दिसतं. याच हॅनाने खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करून दाखवल्या आणि अभिनय कसा करायचा ते आपल्याला तिच्यामुळे कळलं, असं चार्ली म्हणायचा. ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. मुलगा जगप्रसिद्ध झाला, त्याने सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं.

त्या वर्कहाऊसच्या वहीत हॅनाच्या वर आणि खाली आणखी किती बायकांची नावं असतील. त्यांच्या मुलांनी आत्मचरित्र लिहिलं नाही.

घरात आजी-पणजी असेल तर आज जरा तिच्याजवळ बसा. तिला काय काय यायचं, ते विचारा. आणि लिहून ठेवा.