भीमा खोऱ्यातील पक्षी : ऋतुमानानुसार आढळ

पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरलेल्या भीमा नदीच्या खोऱ्यात वर्षभरात दिसणारे स्थानिक व स्थलांतरित पक्षी. भीमा सह्याद्रीत भीमाशंकरला उगम पावते आणि ८६१ किमी. वाहत जाऊन कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळते. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, माण आणि सीना या तिच्या प्रमुख उपनद्या. उगमाकडच्या सदाहरित रानात वर्षाला तीन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून दीड-दोनशे किमी. आग्नेयेला, इंदापूर-करमाळ्याच्या माळावर, तो साडेपाचशेच्या आसपास येतो. रानपाखरे, नदीकाठची पाखरे आणि माळपाखरे अशी तिन्ही कुळे या एकाच खोऱ्यात नांदतात ती या उतारामुळे.

या खोऱ्याची पक्षी-दिनदर्शिका केवळ आभाळ पाहून लिहिता येत नाही. १९८० साली माढा तालुक्यात उजनी धरण पूर्ण झाले आणि मागे यशवंतसागर हा विस्तीर्ण जलाशय उभा राहिला. त्याची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत, आणि टक्केवारी धरतात ती फक्त उरलेल्या उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी उणे वीस टक्क्यांवर’ अशा, परक्या माणसाला कोड्यात टाकणाऱ्या बातम्या येतात. जलाशय उथळ पसरलेला आहे. पाणी थोडे उतरले तरी मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो, थोडे चढले तर तोच चिखल दिसेनासा होतो. कोणता पक्षी कधी येणार हे ऋतू ठरवतो. तो किती जवळ उतरणार आणि किती दिवस राहणार, हे कालव्याची आवर्तने ठरवतात.

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केली. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी तो या मुलखात हिंडला आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या इतिवृत्तात त्याची सूची प्रसिद्ध झाली. ओढ्याकाठी खांदे पाडून बसणारा वंचक, म्हणजे गावकऱ्यांची ढोकरी, शास्त्राच्या दप्तरात प्रथम नोंदला गेला तो याच सूचीतून. मराठी नावांची व्यवस्था मात्र फार उशिरा लागली. सोलापुरात जन्मलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा ‘पक्षिकोश’ हा तिचा मोठा आधार. बगळे-करकोच्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ हा शब्द त्यांनी रूढ केला. खेड्यातली नावे त्याआधीचीच आहेत, आणि बहुधा नेमकी आहेत. माळावर उंच चढून हवेत कोलांट्या घेत खाली येणाऱ्या छोट्या चंडोलाला ‘डोंबारी’ म्हणतात. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याचे नाव ‘वारकरी’. ज्या नदीला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात, तिच्याच पाण्यावर हिवाळ्यात हे वारकरी दिंडीने तरंगताना दिसतात. ही आषाढी नव्हे, कार्तिकी वारी.

पावसाळा : मे सरता सरता आफ्रिकेतून चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी मृगाच्या आगेमागे बाभळीच्या शेंड्यावर ओरडू लागला, की पाऊस फार लांब नाही असे समजतात. अंडी तो सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि पिलांचे संगोपन त्यांच्यावर सोपवतो. त्याच सुमारास पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाक रात्री-अपरात्रीही चालू असते. टिटवीच्या अंड्यांवरून पर्जन्यमान सांगण्याची रीतही या पट्ट्यात आहे. चार अंडी दिसली तर चार महिने पाऊस, असा हिशेब. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, त्यामुळे भाकीत नेहमीच आशादायक निघते.

घाटमाथ्यावर या दिवसांत धुके इतके दाट असते की पक्षी पाहण्याऐवजी ऐकावे लागतात. भीमाशंकरच्या रानात मलबारी कस्तूर ओढ्याच्या खळाळावरून ऐकू जाईल अशी, माणसाने बेफिकिरीने घातल्यासारखी शीळ घालतो. नवरंग पाचोळ्यात उड्या मारत किडे वेचतो आणि झुडपात गोळ्यासारखे घरटे करतो.

खाली माळावर पावसाळा हाच विणीचा हंगाम. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबू लागतात. नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादीने पसंत केले तरच पुढचे काम होते. सोलापूरजवळ नान्नजच्या गवतात माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून खर्जात घुमत असे. क्रियापद भूतकाळात घालावे लागते. सुमारे मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याच्यासाठी १९७९ मध्ये ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते, सगळेच आले, आणि लोकांना घर बांधायलाही अडचण होऊ लागली. पुढे क्षेत्र १,२२२ चौ. किमी.वर आणले गेले. दरम्यान माळ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या आणि आता एखाददुसऱ्या माळढोकाची नोंद झाली तरी ती बातमी होते. उजनीच्या पाण्याने या खोऱ्याला रोहित (फ्लेमिंगो) दिले, पण तेच पाणी कालव्यातून माळापर्यंत पोचले आणि गवताच्या जागी ऊस उभा राहिला. जलाशयाकाठी पक्ष्यांची गर्दी पाहून खोऱ्याचे एकूण बरे चालले आहे असे मानणाऱ्याने नान्नजचाही फेरा करावा.

शरद व हिवाळा : स्थलांतराची चाहूल थंडीच्या आधीच लागते. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, ऑगस्टमध्येच मध्य आशियातून येऊ लागतात. सप्टेंबरात नदीकाठच्या खडकांवर शेपटी हलवत धोबी दिसतात, पाठोपाठ तुतारी, पाणटिवळे आणि भिंगऱ्या. शेकाट्या बाराही महिन्यांचा. हिवाळ्यात मात्र त्याची संख्या इतकी वाढते की लांबून तोही पाहुणाच वाटतो. नोव्हेंबरअखेर लोणावळ्याच्या पठारांवरून, म्हणजे इंद्रायणीच्या उगमावरून, अमूर ससाणे आफ्रिकेकडे जातात. ते चार दिवस रेंगाळले तर नशीब.

दिवाळीनंतर बदके उतरतात. थापट्या, तलवार बदक आणि भुवई बदक ही नेहमीची. चक्रवाक जोडीने चिखलाच्या कडेला उभे असतात. त्यांचा नारिंगी-बदामी रंग सकाळच्या तिरप्या उन्हात अर्ध्या मैलावरून ओळखू येतो. पट्टकादंब मंगोलिया, तिबेट आणि लडाखकडून हिमालय ओलांडून येतात, दिवसा पाण्याकाठी झोपतात आणि अंधार पडला की हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या कोवळ्या पिकात चरायला जातात. शेतकऱ्याला हे पाहुणे नकोसे वाटले तर नवल नाही. हळदी-कुंकू बदक मात्र इथलेच. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका, म्हणून हे नाव.

मुळा-मुठेवर, पुण्याच्या खाली कवडीपाट येथे, हिवाळ्यात वेगळेच दृश्य असते. शहराचे सांडपाणी बंधाऱ्यावरून फेसाळत पडते, पाण्याला वास येतो, कडेला जलपर्णी दाटलेली असते, आणि त्या फेसातच कुरव, शराटी, धोबी व चक्रवाक चरत असतात. मैल्यावर अळ्या वाढतात, अळ्यांवर पक्षी. याला नदीच्या आरोग्याचा पुरावा समजू नये. स्वच्छ पाण्यातला मासा खाणारे पक्षी तिथे मोजके आणि घाण पाण्यातले किडे वेचणारे अमाप, हे गणित पाहिले की खरे काय ते उमगते.

मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यात हिवाळ्याचा खरा पक्षी भोरडीच. शाळूचे कणीस दुधात भरले की हजारो भोरड्यांचे थवे धुरासारखे वळत शेतावर येतात. शेतात माळा बांधून, गोफण फिरवत, पत्र्याचे डबे वाजवत राखण करावी लागते. हुरड्याच्या दिवसांत पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत ‘हाऽऽ हाऽऽ’ असा आवाज एका रानातून दुसऱ्या रानात जातो. एका शेतातून हाकललेला थवा शेजाऱ्याच्या शेतात उतरतो, त्यामुळे राखण सगळ्यांनी एकदम केली तरच उपयोग. भोरडी दाण्याइतकीच नाकतोडे व टोळ यांवरही जगते, हे पक्षिमित्र आवर्जून सांगतात. माळ्यावर बसलेल्याला ते पटवणे अवघड. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आटोपली की हेच थवे पळस आणि काटेसावरीच्या फुलांतला मध प्यायला जातात आणि एप्रिलमध्ये निघून जातात.

सुपे येथील मयूरेश्वर आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरी या अभयारण्यांच्या गवतात हिवाळ्यात भोवत्या ससाणे जमिनीलगत तरंगत नाकतोडे शोधतात आणि सूर्यास्ताला गटाने गवतातच मुक्कामाला उतरतात. धाविक, पखुर्डी आणि मुरारी हे तिथले बारमाही रहिवासी. मातीच्या रंगाचे असल्याने ते हलल्याशिवाय दिसत नाहीत.

रोहित : जलाशयाचा हा सर्वात प्रसिद्ध पाहुणा, वृत्तपत्रांत याला ‘अग्निपंख’ही म्हणतात. दरवर्षी तो ‘सायबेरियाहून’ आल्याचे छापून येते, ते चूक. भारतातील रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते आणि उजनीवर येणारे थवे प्रामुख्याने तिकडचेच मानले जातात. चोच उलटी करून चिखलपाणी गाळायचे आणि त्यातले झिंगे, अळ्या, गोगलगायी खायच्या, ही त्याची रीत. त्यासाठी गुडघाभर पाणी लागते. धरण काठोकाठ भरलेले असले तर त्याला उभे राहायला जागाच नसते. म्हणून ज्या वर्षी परतीचा पाऊस जोराचा होतो आणि पाणी उतरायला उशीर लागतो, त्या वर्षी रोहितही उशिरा आणि कमी येतात. सामान्यतः डिसेंबर-जानेवारीत पहिले थवे, मार्च-एप्रिलात भर, पावसाच्या तोंडाशी परत. करड्या रंगाची पिले थव्याच्या मधोमध असतात. गुलाबी छटा त्यांना अन्नातूनच काही वर्षांनी येते.

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे शंभर किमी.वर असलेले भिगवण, आणि जवळची कुंभारगाव व डिकसळ ही गावे रोहित पाहायला येणाऱ्यांची ठाणी. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी मासेमारी धरली आणि त्यातल्या काहींनी पुढे होडी पर्यटकांसाठी वळवली. सकाळी चिलापीचे जाळे काढायचे आणि सात वाजता दुर्बीणवाल्यांना पाण्यावर न्यायचे, असा त्यांचा दिवस. पक्षी कुठे आहेत हे या नावाड्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. ताशी भाड्याच्या हट्टापायी थव्यात होडी घालायला लावणारे छायाचित्रकारही त्यांनाच सोसावे लागतात. थवा एकदा उडाला की चरणे मोडते आणि लांबच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्या उड्डाणात जळते.

उन्हाळा : पाहुणे गेले की खोरे रिकामे होते, हा समज चुकीचा आहे. इंदापूर तालुक्यातील भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांचे सारंगागार भरते. इंदापूर शहरातही तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांनी घरटी केली आहेत. खाली दाखल्यांसाठी रांग आणि वर चोचींची खडखड. चित्रबलाक प्रौढपणी जवळजवळ मुका असतो; चोच वाजवणे हीच त्याची भाषा. अन्न मात्र तो जलाशयाच्या आटत्या उथळ पाण्यातून आणतो, आणि मासे कोंडले जाण्याचे दिवस नेमके पिले भुकेली असण्याचे दिवस असतात.

नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर मार्च ते मे या काळात नदी सुरय आणि आर्ली घरटी करतात. घरटे म्हणजे वाळूत पायाने पाडलेला खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची. तापलेल्या वाळूत ती शिजू नयेत म्हणून पक्षी पोटाची पिसे भिजवून येऊन अंड्यांवर बसतात. भीमेच्या खालच्या पात्रात वाळूउपशाने अशी बेटे खरवडून नेली आहेत. उरलेल्या बेटांना दोन धोके : पाणी आटून बेट काठाला जोडले गेले की भटकी कुत्री पोचतात, आणि आवर्तनासाठी वरून अचानक पाणी सोडले की एका रात्रीत सगळी वसाहत वाहून जाते.

फार टंचाईच्या वर्षी, मेअखेर, पळसदेवचे पाण्यात गेलेले जुने पळसनाथाचे मंदिर जलाशयातून वर येते. लोक ते पाहायला गर्दी करतात. गाभाऱ्यापर्यंत चालत जाता येते, शिखरावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात. जूनच्या पहिल्या पावसाने पाणी चढू लागले की माणसे परततात. पाणकावळे शिखर बुडेपर्यंत तिथेच असतात.