कड्यावरची शिंदळ माकुडी

शिवनेरीवर आपण शिवजयंतीला जातो. फेब्रुवारीच्या त्या उन्हात एखाद्या कपारीतून राखी-हिरव्या, बिनपानांच्या, बोटासारख्या कांड्या लोंबताना दिसल्या, तर कोणी वळूनही पाहणार नाही. तीच वनस्पती गणपती उठल्यावर पाहावी. कांड्यांवर जाडसर पाने आलेली असतात आणि त्यांच्या बगलेत पाच टोकांची, गर्द तांबूस-जांभळी, पिवळ्या नक्षीची फुले. नाक मात्र जवळ नेऊ नका. तो वास माणसांसाठी नाही, माश्यांसाठी आहे.

हिचे गावरान नाव शिंदळ माकुडी. नाव कानाला जरा उग्रच लागते, पण ते आहे डोंगरातल्या माणसांचे. पुस्तकातले नाव निराळे, आणि त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे.

मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात निकोल डॅल्झेल नावाचा स्कॉटिश अधिकारी होता. अलेक्झांडर गिब्सन याच्याबरोबर त्याने १८६१ साली इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, जुन्नरकडच्या या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन त्याने छापले आणि तिला त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले : फ्रेरिया इंडिका. गंमत पाहा, मुंबईच्या जुन्या किल्ल्याचे तट उतरवले गेले ते याच गव्हर्नरांच्या कारकिर्दीत, आणि त्यांचे नाव टिकले ते किल्ल्याच्या कड्यावर!

डॅल्झेलने हिला स्वतंत्र प्रजाती का मानले? आपली रुई ज्या कुळातली, त्याच कुळातली ही. तिची जवळची भावंडे म्हणजे माळावरची माकडशिंगे. त्यांची भाजी आपल्यापैकी कित्येकांनी खाल्ली असेल. पण माकडशिंगाची कांडी चौकोनी धारेची, उभी, आणि पाने जवळजवळ नाहीतच. हिची कांडी गोल, लोळणारी किंवा लोंबणारी, आणि पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने. ओळखण्याची खूण हीच, आणि शास्त्रज्ञांच्या वादाचे मूळही हेच. १९५८ मध्ये रॉली या इंग्रज अभ्यासकाने हिला माकडशिंगाच्या कॅरालुमा प्रजातीत घातले. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसरीला दिलेले होते. म्हणून ही झाली कॅरालुमा फ्रेरी. पुढे बौसेरोसिया फ्रेरी असेही नामांतर झाले. गव्हर्नरसाहेब काही सुटले नाहीत!

नावे बदलत राहिली, पण झाडे कमी होत गेली. ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या जुन्नर, पुरंदर, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर उगवते. शेळ्या तिच्या रसदार कांड्या खातात, वणवा डोंगर जाळतो, आणि हौशी माणूस मुळासकट उपटून नेतो. तिसरा शत्रू मला सर्वांत वाईट वाटतो, कारण तो प्रेमाने येतो.

उपटण्याची गरजच नाही हो! वाढवलेल्या झाडाची वीतभर कांडी मिळाली, तरी पुरे. ती सावलीत चार-सहा दिवस ठेवून कापलेली बाजू सुकू द्यावी. भोकाच्या मातीच्या कुंडीत जाड वाळू, मुरूम, विटेचे तुकडे आणि थोडे पालापाचोळ्याचे खत घालून तीत कांडी रोवावी. पाणी तुंबले की ती कुजलीच म्हणून समजा. पावसाळ्यात मोकळे पाणी, पाने गळू लागली की हात आखडता. पाने गळली म्हणजे रोप मेले असे समजून पुष्कळ जण कुंडी रिकामी करतात. कांडी टणक असेल तर पावसाळ्यापर्यंत धीर धरावा.

शिक्षकांनी मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. एका झाडाच्या शंभर कांड्या लावल्या, तरी ते शंभर वेळा तेच झाड. नवे झाड येते बीपासून. माशीने एका फुलाचे परागपुंज दुसऱ्यावर नेले की रुईसारख्या जोडशेंगा धरतात आणि रेशमी केसांचे बी वाऱ्यावर कपारीत जाऊन पडते. शिरवळच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने रोपे वाढवून कड्यांवर परत लावण्याचे काम केले, ते एवढ्यासाठीच. कुंडीतल्या झाडाच्या बियांना पडायला कपार कुठली?